गळ्यातली बंदूक

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "दातार, तुमच्या व्यवसायातलं काहीतरी लिहा. पण हलकंफुलकं हवं, दिवाळी आहे." मी म्हटलं, माझा व्यवसाय म्हणजे आग, स्फोट, गुदमरणं, पडणं आणि बुडणं. ते म्हणाले, "चालेल की. हलकंफुलकं लिहा म्हणजे झालं." तेव्हा सिंगापूरच्या एका शाळेत मी गळ्यात बंदूक अडकवून घुसलो होतो, ती हकीकत सांगतो. हलकी आहे की नाही, ते वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

आधी माझं काम काय ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्यालाही ते अजून कळलेलं नाही. मी फायर ब्रिगेडमध्ये होतो असं तो लोकांना सांगतो. मी सेफ्टी ऑफिसर. आग विझवणारे वेगळे. आग लागेल, आग लागेल अशी वर्षभर सगळ्यांच्या कानाशी भुणभुण करणारा, आणि ती लागली नाही की ज्याच्याकडे बघून 'ह्याला पगार कशाबद्दल?' असा प्रश्न साहेबांना पडतो, तो मी. डॉक्टरला बरा झालेला पेशंट दाखवता येतो, वकिलाला सुटलेला अशील दाखवता येतो. न झालेला अपघात कुणाला आणि कसा दाखवणार? तरी असे न झालेले अपघात माझ्या नावावर पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

बरीच वर्षं मी सिंगापुरातच सेम्बावांगला जहाजदुरुस्तीच्या गोदीत होतो. जहाजाच्या टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा तपासायची, वेल्डिंग चालू असेल तिथे पाण्याचा पाइप घेऊन एकाला उभं करायचं आणि अधूनमधून ड्रिल घ्यायचं. ड्रिल म्हणजे संकटाची रंगीत तालीम. नाटकवाले तालीम करतात ती प्रयोग व्हावा म्हणून, आम्ही करतो ती प्रयोग होऊ नये म्हणून. टाकीतून वर काढायला आमच्याकडे माणसाच्या वजनाचा एक पुतळा होता. बांगलादेशी कामगारांनी त्याचं नाव 'मामा' ठेवलं होतं आणि त्याला दोरानं वर ओढताना ते "मामा, भय नाई! भय नाई!" असं ओरडत. बेशुद्ध माणसाशी सतत बोलत राहावं असं नियमातच आहे, त्यामुळे मी त्यांना पूर्ण गुण देत असे.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. माझी हत्यारं म्हणजे आग विझवायचे लाल सिलिंडर. एका वर्षी लिटल इंडियातून झेंडू आणून मी गोदीतल्या सिलिंडरांना माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, आणि नेमका त्याच दिवशी सरकारी तपासनीस आला. सिलिंडरवर दाब दाखवणारा काटा असतो. तो हिरव्या भागात असला तर ठीक, लाल भागात गेला तर सिलिंडर निकामी. माझं कुंकू बरोबर काट्यावर पडलेलं. तपासनिसाने एकामागून एक सगळे सिलिंडर निकामी ठरवले. शेवटी एकावरून त्याने अंगठा फिरवला, खालचा हिरवा रंग दिसला आणि तो आपल्या लाल अंगठ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "तुम्ही यांची प्रार्थना करता?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "वर्षातून एकदाच." तो म्हणाला, "रोज तपासलंत तर प्रार्थनेची गरज पडणार नाही." माणूस चांगला होता.

गोदीतून मोकळा झालो तेव्हा घरी बसवेना. ईस्ट कोस्टजवळच्या एका इंटरनॅशनल शाळेत सेफ्टी मॅनेजरची जागा निघाली आणि मी तिथे चिकटलो. हे कोरोनाच्या आधीचं, गेल्या दशकाच्या शेवटाकडचं. काम गोदीच्या मानाने अगदीच गोड. फायर ड्रिल घ्यायचं, स्कूलबसचे पट्टे तपासायचे, ढग गडगडायला लागले की मैदानातल्या मुलांना आत घ्यायचं. मुलं जगभरची, मुख्याध्यापिका इंग्लंडच्या, आणि बालवर्गाची एक शिक्षिका आपली पुण्याची, केतकी.

केतकी माझ्याशी बोलत नसे. कारण सांगतो. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही एक हॉल भाड्याने घेत असू आणि त्या हॉलच्या छताला धूर ओळखणारी यंत्रं होती. आदल्या वर्षी कापूर पेटल्याबरोबर भोंगा वाजला आणि 'लवथवती विक्राळा' म्हणत अख्खं मंडळ जिन्याने खाली रस्त्यावर गेलं. म्हणून पुढच्या वर्षी मी बॅटरीवरची निरांजनं आणली. केतकीला ते सहन झालं नाही. देवापुढे प्लॅस्टिकची ज्योत? तिने सगळ्यांसमोर माझं नाव 'विझवणारे काका' ठेवलं. ते इतकं रुळलं की मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवरसुद्धा माझं नाव तसंच आलं.

बाई करारी होती. घटस्फोटानंतर सहा वर्षांच्या मुलीला घेऊन एकटी आली होती. शाळेत अजून प्रोबेशनवर होती. सिंगापूरमध्ये याचा अर्थ काय हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आपण इथे राहतो ते एम्प्लॉयमेंट पासवर, आणि पास असतो नोकरीला चिकटलेला. नोकरी पक्की झाली नाही की पास जातो, आईच्या पासवर असलेल्या मुलीचाही जातो, आणि काही आठवड्यांत दोघींनी देश सोडायचा. केतकीचं सगळं बस्तान मुख्याध्यापिकाबाईंच्या एका सहीवर उभं होतं.

त्याच सुमाराला अमेरिकेत एका शाळेत गोळीबार झाला. मुलं गेली. त्याबद्दल मी थट्टा करणार नाही. बातमी आली त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलांना न्यायला आलेल्या आया त्यांना नेहमीपेक्षा घट्ट धरून नेत होत्या. मीही घरी येऊन दिवा न लावता बसलो होतो.

थट्टा सुरू झाली ती पुढच्या आठवड्यात, पालकसभेत. आमच्याकडे अमेरिकन पालक बरेच. त्यातले एक गृहस्थ टेक्ससचे, धिप्पाड, तेलाच्या कंपनीत. दुसऱ्या एक बाई ओहायोच्या, बारीक, बँकेत. टेक्ससवाले म्हणाले, शाळेच्या फाटकावर बंदूकधारी रक्षक हवा, शिक्षकांनाही शिकवा. ओहायोवाल्या बाई म्हणाल्या, बंदुकांवर बंदी हाच उपाय. मग घटनेची कलमं निघाली, बापजाद्यांच्या बंदुका निघाल्या, हरणांची शिकार निघाली. दोघंही मनापासून बोलत होते, दोघांचेही डोळे भरून येत होते. आणि हे सगळं चाललं होतं सिंगापुरात. इथे चोरून बंदूक बाळगली तर तुरुंग आणि वर फटके, चालवली तर फाशी. खरी वाटेल अशी खेळण्यातली बंदूकसुद्धा परवान्याशिवाय देशात आणता येत नाही. ओहायोवाल्या बाई जी बंदी मागत होत्या ती त्यांच्या जन्माच्या आधीपासून इथे होती, आणि टेक्ससवाले जो रक्षक मागत होते तो आमचे अंकल टॅन.

अंकल टॅन सत्तरीला टेकलेले. फाटकावर बसत. त्यांचं शस्त्र म्हणजे छत्री, आणि ती चालायची कॅन्टीनमधल्या ताटांवर झडप घालणाऱ्या साळुंक्यांवर. टेक्ससवाल्यांनी त्यांना पुढे बोलावून विचारलं, "तुम्हाला रायफल दिली तर?" त्यांना ठाऊक नव्हतं की इथल्या प्रत्येक पुरुषाला तरुणपणी सक्तीने लष्करात जावं लागतं. त्या सभागृहातला आमचा अकाउंटंट, खेळाचे सर, प्रोजेक्टर लावणारा पोरगेला टेक्निशियन, सगळ्यांच्या खऱ्या रायफली चालवून झाल्या होत्या, आणि त्यांच्यातलं कुणीही वादात तोंड उघडत नव्हतं.

"रायफल आह?" अंकल टॅन इथल्या खास इंग्रजीत म्हणाले. "व्हेरी हेवी लाह. एव्हरी डे मस्ट क्लीन. आफ्टर दॅट मस्ट रिटर्न. आय वॉन्ट फॉर व्हॉट?" थोडा विचार करून त्यांनी पुढे जोडलं, "अंब्रेला बेटर. रेन ऑल्सो कॅन."

सभेत ठरलं ते एकच. लॉकडाउन ड्रिल घ्यायचं. हा शब्द तेव्हा कोरोनाचा झालेला नव्हता. घंटा झाली की शिक्षकाने वर्गाचं दार आतून लावायचं, दिवे घालवायचे, मुलांना कोपऱ्यात बसवायचं आणि चूं करायचं नाही. हे शिकवायला अमेरिकेहून एक सल्लागार आले. कामाला चोख, सभ्य, सतत पाणी पिणारे. त्यांचा मुख्य नियम होता की एकदा लावलेलं दार पोलीस येईपर्यंत कुणासाठीही उघडायचं नाही. कुणासाठीही, असं त्यांनी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. गोदीत आमच्याकडेही असे नियम होते. पाणी शिरलेल्या खोलीचं दार बंद करायचं म्हणजे करायचं, कारण एकासाठी उघडलं तर जहाज जातं. त्यामुळे मला नियम कळत होता.

ड्रिलला बंदूकधारी लागतो. खेळाच्या सरांना मुलं घाबरतील, बागेतला माळी नाही म्हणाला, अकाउंटंटने महिनाअखेरीचं कारण सांगितलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मिस्टर दातार करतील. त्यांच्याकडे बघून कुणीही घाबरणार नाही." हल्लेखोर निवडायची ही कसोटी मी नोकरीत पहिल्यांदाच बघितली.

मग प्रश्न आला, माझ्या हातात काय द्यायचं. खेळण्यातली बंदूक बेकायदा. लाकडी फळीची करू म्हटलं तर पालक प्रतिनिधींनी हरकत घेतली, मुलांच्या मनावर परिणाम होईल. कुणीतरी केळं सुचवलं, पण एका वर्गात केळ्याची ॲलर्जी असलेलं मूल होतं. मी म्हटलं, सरळ दोन बोटं पुढे करून फिरतो. त्यावर शिस्तसमितीने सांगितलं की बोटांची बंदूक करून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेत शिक्षा आहे, तेव्हा कर्मचाऱ्याला सवलत देता येणार नाही. शेवटी पिवळ्या पुठ्ठ्याची एक पाटी तयार झाली, तिला नाडी लावली आणि माझ्या गळ्यात घातली. पाटीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'गन'.

आणखी एक वस्तू होती, चिकटपट्टीवरचे लाल ठिपके. ज्याला गोळी लागली असं धरायचं, त्याला कपाळ सोडून कुठेही मी एक लाल ठिपका चिकटवायचा, म्हणजे शेवटी मोजता येईल. ऑफिसने ते स्टेशनरीच्या कपाटातून काढून दिले. कुणाच्या लक्षात आलं नाही की बालवर्गातल्या शिक्षिका अक्षर चांगलं आलं, डबा संपवला, रडलं नाही, की मुलांच्या हातावर हेच ठिपके चिकटवतात. माझ्याही आलं नाही.

ड्रिलचा दिवस उजाडला. घंटा झाली, दारं धडाधड लागली, दिवे गेले. एवढी मोठी शाळा, पण एसीची घरघर सोडली तर आवाज नाही. मी पाटी घालून निघालो. माझ्यामागे कॅमेरा घेऊन सल्लागार. मोठ्या मुलांच्या वर्गांची दारं मी ढकलली, एकही उघडलं नाही. छाती फुगली माझी. मग मी बालवर्गाच्या बोळात वळलो, आणि बाथरूमच्या दारातून ओले हात झटकत रूबी बाहेर आली.

रूबी म्हणजे टेक्ससवाल्यांची मुलगी. पाच वर्षांची. तिला घंटा ऐकू आली नव्हती किंवा आली असून हात धुणं जास्त महत्त्वाचं वाटलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पाटीकडे. त्या महिन्यात बालवर्गाचं अक्षरं जोडून वाचायचं चाललं होतं. तिने पाटीवर बोट ठेवलं आणि एकेक अक्षराचा उच्चार करत करत तिन्ही अक्षरं जोडली. "गन!" ती ओरडली. मग मान वर करून विचारलं, "बरोबर वाचलं ना मी?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर."

"गन म्हणजे काय?"

टेक्ससवाल्यांची मुलगी, जन्म सिंगापूरचा, आणि मला विचारते गन म्हणजे काय. नियमाप्रमाणे मी तिला ठिपका चिकटवून पुढे जायला हवं होतं. माझा हात खिशापर्यंत गेला. पण मला ते जमेना. आजवर मी मामाला शंभरदा बेशुद्ध पाडलं असेल, पण मामा ओले हात घेऊन माझ्यासमोर उभा राहत नसे. मी तिला म्हटलं, "तुझ्या बाईंना विचार," आणि तिचा हात धरून तिला वर्गाच्या दाराशी नेलं.

तिने दार वाजवलं. "मिस केतकी, मी रूबी!"

आत शांतता. तिने पुन्हा वाजवलं, या वेळी तिचा आवाज थोडा बारीक झाला होता. आणि कडी निघाली.

केतकीने दार हातभर उघडलं, रूबीला आत ओढलं आणि मग तिला मी दिसलो. "काका! तुम्ही?" ती म्हणाली. गणपतीनंतर ती माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. तेवढ्यात कोपऱ्यातल्या अंधारातून कुणालातरी माझ्या खिशातून डोकावणारी लाल ठिपक्यांची पट्टी दिसली. "स्टिकर्स!"

पुढचं सांगताना मला आजही हसू येतं आणि लगेच ते गिळावंसं वाटतं. ती मुलं उठली आणि माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सिंगापुरात वाढलेली मुलं, रांग त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. एकेकाने हात पुढे केला. मी चिकटवायला लागलो, कारण बालवर्गात एकाला देऊन दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. एकाने दोन मागितले. एकीने बाहुलीसाठी मागितला. एक गुटगुटीत मुलगा शेवटून पुढे आला आणि म्हणाला की सगळ्यांत शांत तो बसला होता, तेव्हा त्याला मोठा ठिपका मिळावा. मी त्यालाही दिला. सगळ्यात शेवटी रूबी आली. सल्लागार दारातून चित्रण करत होते.

संध्याकाळी निकाल लागला. सगळी शाळा सुरक्षित, बालवर्गाचा तो एक वर्ग संपूर्ण मृत. कारण, शिक्षिकेने दार उघडलं. आठवड्याभराने चौकशीची बैठक, आणि तिच्यातच केतकीच्या नोकरीचं ठरणार.

रविवारी सकाळी मी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरायला गेलो होतो. केतकी मुलीच्या सायकलमागून पळत होती. मला बघून थांबली.

"काका, मी तुमच्याशी बोलणार नव्हते."

"माहीत आहे."

"मॅडमनी बोलावून सांगितलं, बैठकीत मी एकच प्रश्न विचारणार. पुन्हा असं झालं तर दार उघडशील का? नाही म्हणालीस तर विषय संपला, नोकरी पक्की."

"मग म्हण ना नाही! एवढंसं वाक्य आहे. ते बोल आणि मोकळी हो." मुलगी लांब जाऊन घंटी वाजवत होती. तिच्याकडे हात करून मी म्हटलं, "हिचा तरी विचार कर. बस्तान बसलंय तिचं इथे."

"हिचाच करतेय. उद्या ही बाथरूममध्ये असली आणि हिच्या बाईंनी बैठकीत असं कबूल केलेलं असलं तर?"

"अगं, पण खरं कुठे होणार आहे हे? इथे बंदूक येणार कुठून?"

"मग दार कशाला लावायचं?"

मी तिला शहाळं घेऊन दिलं आणि सांगितलं की बैठकीत मी बोलतो. दाराशी मूल मी आणलं होतं. बंदूकधाऱ्यानेच साक्ष दिली तर कुणाला तरी ऐकावीच लागेल.

बैठक सभागृहात झाली. मुख्याध्यापिकाबाई, सल्लागार, पालक प्रतिनिधी म्हणून टेक्ससवाले आणि ओहायोवाल्या बाई, केतकी, मी. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मूल मला बोळात भेटलं, मला ठिपका लावायचा धीर झाला नाही, मीच तिला दाराशी नेलं. खरा हल्लेखोर असं करणार नाही, म्हणून ही परीक्षाच खोटी, तिचा निकाल धरू नका.

सल्लागार उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. "मिस्टर दातार, तुम्ही नम्रपणे बोलताय. खरा हल्लेखोर नेमकं हेच करेल. मुलाला पुढे करून दार उघडून घेईल. इतक्या वर्षांत ही युक्ती मला सुचली नव्हती." त्यांनी टाळी वाजवली. मुख्याध्यापिकाबाईंनीही वाजवली. केतकीला वाचवायला मी उभा राहिलो होतो आणि खाली बसलो तो तिला बुडवून.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी प्रश्न विचारला. "मिस केतकी, पुन्हा असं झालं तर तुम्ही दार उघडाल?"

"हो," केतकी म्हणाली. "बाहेर मूल असेल तर उघडेन."

"नीट विचार करून सांगा. मी पुन्हा विचारते."

"मॅडम, मी आठवडाभर विचार केलाय. उघडेन."

टेक्ससवाल्यांनी खुर्ची मागे सरकवली. शेवटी दारापलीकडे त्यांचीच मुलगी होती. ते उठून म्हणाले, "या बाईंनी माझ्या मुलीसाठी दार उघडलं. मी यांचा ऋणी आहे." मला वाटलं, जिंकलो. पण ते थांबले नाहीत. "आणि म्हणूनच मी म्हणतो, यांच्या हातात बंदूक असती तर यांनी निर्धास्तपणे दार उघडलं असतं!"

ओहायोवाल्या बाई ताडकन उठल्या. "बंदुकाच नसत्या तर दार लावायची वेळच आली नसती! या बिचाऱ्या शिक्षिकेचं उदाहरण हेच सांगतं!"

"तेच उदाहरण माझ्या बाजूचं आहे!"

आणि सुरू झालं. घटना, कलमं, आजोबा, हरणं. दोघंही केतकीचं नाव घेत होते, दोघंही तिच्याकडे बोट दाखवत होते, आणि आपण तिच्याच बाजूने लढतोय अशी दोघांचीही खात्री होती. केतकी मध्ये बसून इकडून तिकडे बघत होती. मी दोनदा हात वर केला. सल्लागारांनी मला खुणेने थांबवलं, चर्चा फार मोलाची चालली आहे म्हणाले. मी टेक्ससवाल्यांच्या बाहीला धरून म्हटलं, "साहेब, तिची नोकरी!" ते म्हणाले, "अगदी बरोबर, नोकरी! आमच्याकडे शिक्षकांना—" आणि पुढे गेले.

दारावर टकटक झाली. सभागृह पालकांच्या झुंबा वर्गासाठी दिलेलं होतं, चटया घेतलेल्या आया बाहेर उभ्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी घड्याळ बघितलं आणि चर्चेबद्दल सगळ्यांचे आभार मानले. केतकीबद्दल ठराव झालाच नव्हता. प्रोबेशनची मुदत संपत आलेली. ठराव झाला नाही म्हणजे नोकरी पक्की झाली नाही, आणि पक्की झाली नाही म्हणजे संपली. टेक्ससवाले आणि ओहायोवाल्या बाई वाद घालत घालत पार्किंगकडे गेले. जाताना दोघांनीही केतकीचा हात हातात घेऊन तिला धीर दिला.

महिन्याभरात केतकी मुलीला घेऊन पुण्याला परतली. विमानतळावर मी गेलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तर ती म्हणाली, "विझवणारे काका, पुरे." आता कोथरूडला बालवर्ग चालवते, चांगलं चाललंय. मला मात्र त्या बैठकीची खंत जात नाही. माझ्या साक्षीचं जे झालं ते झालं, पण त्या दोघांच्या मध्ये उभं राहून ओरडायला हवं होतं. गोदीत क्रेन चुकीची फिरली तर मी असा ओरडायचो की जहाजावरचा कप्तान बाहेर यायचा. सभागृहात सभ्य माणसांसमोर माझा आवाज निघाला नाही.

माझी कीर्ती मात्र पसरली. मूल पुढे करून दार उघडवून घेण्याच्या प्रकाराला सल्लागारांनी 'दातार टेस्ट' असं नाव दिलं. त्यांच्या पुस्तिकेत ते छापून आलं आणि ती पुस्तिका कुठल्या कुठल्या देशांत गेली. नोकरीत माझ्या नावावर राहिलेली छापील गोष्ट तेवढीच.

वर्षभराने पुन्हा ड्रिल आलं. या वेळी सगळं सुधारलेलं. ठिपके करड्या रंगाचे, कुणाला हवेसे वाटू नयेत असे. शिक्षकांना आठवडाभर प्रशिक्षण. आणि एका वर्गाची दातार टेस्ट घ्यायचीच असं ठरलेलं, त्यासाठी पालकांच्या संमतीने एक मूल बाहेर ठेवायचं. टेक्ससवाल्यांनी आपली मुलगी दिली. गेल्या वेळचा अनुभव तिला आहे, म्हणाले.

रूबी आता पहिलीत. तिला सांगितलं होतं की दार वाजवायचं आणि आपलं नाव सांगायचं. घंटा झाली. आम्ही दोघं बोळातून चालत तिच्याच वर्गाशी गेलो, मागे सल्लागार. तिने दार वाजवलं. "मी आहे, रूबी!"

आत शांतता. तिने पुन्हा वाजवलं. "मी रूबी! उघडा ना!" आतून कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला बाईंनी गप्प केल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. रूबीने कान दाराला लावला. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे बघितलं.

"त्यांना ऐकू येतंय ना?"

"हो, येतंय."

"मीच आहे ते त्यांना कळलंय ना?"

मी म्हटलं, "हो गं. कळलंय."

तिने मान हलवली आणि ती दारापासून दोन पावलं मागे येऊन उभी राहिली. पुन्हा काही तिने दार वाजवलं नाही. सल्लागारांनी स्टॉपवॉच बंद केलं आणि अंगठा वर करून दाखवला. पूर्ण शाळा सुरक्षित, एकही ठिपका नाही. घंटा झाली, कडी निघाली, मुलं टाळ्या वाजवत बाहेर आली. रूबीची मैत्रीण धावत आली आणि तिने नेहमीसारखा हात पुढे केला. रूबीने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.